आजीच्या डब्यातला चारमिनारचा रुपया : हाली सिक्का ओळखायला नि वाचायला कसं शिकायचं

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटात दरवर्षी एक चांदीचा रुपया ठेवतात आणि त्या रुपयावर लक्ष्मी नाही, राणी नाही, राजाही नाही, चारमिनार आहे. लहानपणी आजीला विचारलं की हे काय, तर ती एवढंच म्हणायची, "हाली हाय बाबा तो, निजामाचा." तिला लिहिता वाचता येत नव्हतं पण हाली कुठला आणि कलदार कुठला हे ती डोळे मिटून हाताने सांगायची. तो रुपया वाचायला शिकायला मला पुढं खूप वर्षं लागली, आणि माझ्यासारखे बरेच जण असणार ज्यांच्या घरी असली चार दोन नाणी आहेत पण काय आहे ते माहीत नाही म्हणून हे लिहितोय.

मराठवाड्यातले आजचे आठही जिल्हे, शिवाय चंद्रपूरकडचं राजुरा, हा सगळा मुलुख हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, धाराशिवच्या लोकांचा पैसाच वेगळा होता. नुसती नाणी वेगळी नाहीत, नोटा वेगळ्या, टांकसाळ वेगळी, बाजारातला भाव वेगळा. घरात जुनं नाणं सापडलं की पहिला प्रश्न येतो "कितीला जाईल?" माझं म्हणणं असं की तो प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा, आधी वाचायला शिका. कारण न वाचता विकायला गेलात तर सराफ काट्यावर टाकणार, चांदीचा भाव लावणार आणि ते नाणं भट्टीत जाणार. आमच्याच भावकीत अशी ओंजळभर नाणी वितळून पैंजण झालेले मी पाहिलेत, आणि त्यात कुठल्या सालाचं काय होतं हे आता कुणीच सांगू शकत नाही.

सगळ्यात आधी : धुवायचं नाही

ही पहिली पायरी आहे आणि मी ती मुद्दाम पहिली ठेवतोय. पूजेच्या आदल्या दिवशी चिंच लावून, राख नाहीतर रांगोळी घेऊन नाणं घासायची आपल्याकडे सवय आहे, चकचकीत झालं की बरं वाटतं. पण घासलं की अक्षरांच्या कडा जातात, वरचा जुना काळसर थर जातो, आणि तो थर एकदा गेला की परत येत नाही. मातीच लागली असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेवा, मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या, चोळू नका. तांब्याच्या नाण्यावर हिरवी पूड दिसत असेल तर ते बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. नाणं धरताना दोन बोटांनी कडेला धरायचं, तोंडावर अंगठा ठेवायचा नाही.

पूजेला ठेवता तो ठेवा की, ती आपली रीत आहे, फक्त घासू नका आणि हळद कुंकू थेट नाण्यावर न वाहता शेजारी वाहा.

हाली की कलदार, हे वेगळं करा

डब्यात बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेलं असतं. ज्याच्यावर इंग्रज राजा राणीचं डोकं आणि इंग्रजी अक्षरं ते कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया. 'कल' म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. आणि ज्याच्यावर उर्दू-फारसी अक्षरं, चारमिनार किंवा वेलबुट्टीसारखा गुंतागुंतीचा तुघरा (गुंफलेल्या अक्षरांची नक्षी), तो हाली. हाली या शब्दाचा अर्थच "सध्या चालू असलेला" असा, म्हणजे जुन्या बंद पडलेल्या शिक्क्यांच्या जागी आता जो चालतोय तो. पुढं यालाच उस्मानिया सिक्का असंही म्हणायला लागले. गंमत अशी की १९०३ नंतर हालीसुद्धा यंत्रावरच पडायला लागला पण कलदार हे नाव इंग्रजांच्याच रुपयाला चिकटून राहिलं ते राहिलंच.

एक सूचना, पूजेसाठी किंवा शोभेसाठी बनवलेले टोकन पण डब्यात भेटतात, राम दरबारचं चित्र आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी असं लिहिलेलं वगैरे. ते चलन कधीच नव्हतं, वेगळं काढा.

आता वजन करा, इथंच सगळा इतिहास आहे

दागिने मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. हालीचा चारमिनारवाला रुपया ११.१७८ ग्रॅम असतो आणि त्यात चांदी हजारात ८१८ भाग. कलदार रुपया ११.६६ ग्रॅम आणि चांदी हजारात सुमारे ९१७ भाग (हे १९४० च्या आधीचं, नंतर इंग्रजांनी चांदी अर्ध्यावर आणली). आता स्वतः गुणाकार करा. हालीत शुद्ध चांदी निघते साधारण ९.१४ ग्रॅम, कलदारात साधारण १०.६९ ग्रॅम. एकाला दुसऱ्याने भागलं की उत्तर १.१७ च्या आसपास.

आणि सरकारी भाव काय होता? १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या भाषेत सात हाली म्हणजे सहा कलदार. हाही आकडा १.१७ च्या जवळच येतो, म्हणजे तो भाव कुणी मनाला येईल तसा ठरवलेला नव्हता, दोन्ही नाण्यांतल्या चांदीतूनच निघत होता. मी पहिल्यांदा घरी बसून हे गणित केलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आजोबा "सहाचे सात" असं जे पुटपुटायचे ते मला तोपर्यंत नुसतं पाठांतर वाटायचं.

या फरकावर सावकार, व्यापारी, हुंडीवाले यांचं बरंच काही चालायचं. एक चलन देऊन दुसरं घेताना जी तूट सोसावी लागते तिला बट्टा म्हणायचे, नावाला बट्टा लागला म्हणतो तो हाच बट्टा. निजामाच्या रेल्वेने मनमाडला उतरलात की इंग्रजी हद्द, तिथं कलदार लागणार. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं असलं तरी १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, त्यामुळे तिकडेही कलदारच. नात्यागोत्यात लेकीबाळी इकडून तिकडे द्यायच्या म्हणजे देण्याघेण्यात हे रूपांतर आलंच.

घरी जुनी खरेदीखतं, गहाणखतं असतील तर ती पण काढा. रकमेपुढं हाली, सिक्के उस्मानिया किंवा कलदार असं लिहिलेलं असतं. बरेच जण तो शब्द सोडून नुसता आकडा वाचतात आणि मग दोन कागदांची रक्कम जुळत नाही म्हणून गोंधळतात.

छोटी नाणी कुठली कुठली

रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. पै पैचा हिशोब म्हणतो ती ही पै. चांदीत रुपया, अधेली म्हणजे ८ आणे, पावली म्हणजे ४ आणे, चवली म्हणजे २ आणे. वजनं अगदी निम्मी निम्मी होत जातात, अधेली ५.५९ ग्रॅम, पावली २.७९, चवली १.४० च्या आसपास. तांब्या-कांशाची १ पै, २ पै आणि अर्धा आणा. यातल्या तांब्याच्या दोन पै आणि अर्ध्या आण्यावर चारमिनार शोधू नका, तिथं तुघरा आहे, म्हणजे नाव आणि पदव्या एकात एक गुंफून काढलेली नक्षी. एक आणा १९१९ च्या सुमारास तांबं-निकेलच्या मिश्रणाचा आला आणि दुसऱ्या महायुद्धात तो कांशाचा चौकोनी झाला, चौकोनी आणा बऱ्याच घरात सापडतो. सोन्याची अशर्फी पण होती, पण ती डब्यात सापडायची शक्यता फार कमी.

१९४० नंतर चांदीची चणचण भासायला लागली आणि शेवटी शेवटी, १९४७-४८ कडे, छोटी नाणी निकेलची आली. हे लक्षात ठेवा कारण चुंबकाची परीक्षा इथं फसते. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण निकेल चिकटतं. म्हणून शेवटच्या काळातली अधेली चुंबकाला चिकटली म्हणजे लगेच "नकली" म्हणून फेकू नका, आधी साल वाचा. हाली रुपया चिकटला तर मात्र शंका घ्या.

साल वाचायचं कसं

यात लोक सगळ्यात जास्त अडकतात पण दोन संध्याकाळचं काम आहे, खरंच. नाण्यावर उर्दू आकडे आहेत. अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची असली तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. शून्य म्हणजे नुसतं टिंब. एक म्हणजे उभी रेघ. दोनाला वरती एक दात, तिनाला दोन दात. पाच म्हणजे गोल, किंवा पत्त्यातल्या बदामासारखा. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही उलटा, आणि नऊ आपला इंग्रजी नवासारखाच. सहा मात्र इंग्रजी सातासारखा दिसू शकतो, तिथं मी सुरुवातीला हमखास चुकायचो. चाराचं वळण नाण्यागणिक थोडं बदलतं म्हणून तो खात्रीशीर साल माहीत असलेलं नाणं शेजारी ठेवूनच शिका.

हे साल हिजरी असतं. इसवी काढायचं असेल तर हिजरीला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १३२१ असेल तर १९०३ च्या आसपास, १३३७ म्हणजे १९१८-१९, १३६५ म्हणजे १९४६ च्या आसपास. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा अकरा दिवसांनी लहान म्हणून सरळ वजाबाकी चालत नाही.

नाण्यावर दुसरा एक लहान आकडा पण असतो, तो गादीवर बसल्यापासूनचं वर्ष, त्याला जुलूस म्हणतात. हिजरी साल आणि जुलूस एकमेकांशी जुळतात का बघायची सवय लावा, नकली नाण्यांत पुष्कळदा हेच चुकलेलं असतं.

आणि तिसरा आकडा ९२. नवीन माणूस हमखास याला साल समजतो, "१७९२ चं आहे" असं सांगणारे मला कितीतरी भेटले. ते साल नाही. फारसी-अरबी अक्षरांना आकड्यांची किंमत असते, त्या हिशोबाने 'मुहम्मद' या नावाची बेरीज ९२ येते. १८५७ च्या उठावापर्यंत निजामाच्या नाण्यांवर दिल्लीच्या मुघल बादशहाचं नाव असायचं. बहादुरशहाला इंग्रजांनी पदच्युत केलं, बादशाहीच संपली, आता नाव कुणाचं घालायचं? पाचव्या निजामाच्या, अफजलउद्दौलाच्या काळात बादशहाचं नाव निघालं आणि आसफजाह, निजामउल्मुल्क हे घराण्याचे मूळपुरुष आणि त्यांची पदवी आली, सोबत हा ९२. म्हणजे एवढ्याशा आकड्यात एक अख्खी सल्तनत संपल्याची नोंद आहे.

निजाम कुठला, हे दारात बघा

हे मला सगळ्यात आवडतं. चारमिनारच्या चित्रात मधल्या कमानीत, म्हणजे दारात, एक छोटं उर्दू अक्षर असतं. भिंग घ्या, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी चालेल. तिथं 'मीम' (م) असेल तर सहावा निजाम मीर महबूब अली खान, 'ऐन' (ع) असेल तर सातवा आणि शेवटचा, मीर उस्मान अली खान. महबूब अलींचा मीम, उस्मान अलींचा ऐन, नावाचं पहिलं अक्षर. बदल १९११ मध्ये झाला, हिजरी १३२९. त्यातही उस्मान अलींच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर ऐन अपुरा, छोटा आहे, नंतर पूर्ण काढलेला ऐन येतो. तुमच्याकडे १३३० चा रुपया असेल तर हे जरूर तपासा, जमवणारे लोक या दोन्हींना वेगळे प्रकार धरतात.

चारमिनारच नाही, नुसती अक्षरं आहेत, नाणं जाड आणि वेडंवाकडं आहे, मजकूर अर्धवट कापलाय, तर ते १९०३ च्या आधीचं हातोड्याने पाडलेलं असू शकतं. मधल्या काळात यंत्रावर पाडलेले काही रुपये आले त्यांना चरखी म्हणतात. हातोड्याच्या नाण्यावर लहान लहान ठसे मारलेले दिसले तर घाबरू नका, सराफ नाणं तपासून आपली खूण मारायचे. टांकसाळीचं नाव फर्खुंदा बुनियाद हैदराबाद असं असतं, म्हणजे शुभ पायावर वसलेलं हैदराबाद. औरंगाबादचंही असंच नाव होतं, खुजिस्ता बुनियाद, पण ती नाणी मुघल काळातली, तो वेगळा विषय आहे.

नोटा

नोटा कमी सापडतात, वाळवी, ओल, उंदीर. सापडली तर सोनं समजा.

पहिल्या महायुद्धात चांदी मिळेना म्हणून १९१८ मध्ये निजाम सरकारने कायदा करून नोटा काढल्या, आधी १० आणि १०० रुपयांच्या, मग १ आणि ५ च्या, आणि १९२६ मध्ये १००० ची. छपाई लंडनच्या वॉटरलो अँड सन्सकडे. नोट हातात आली की पहिल्यांदा रक्कम कुठल्या कुठल्या लिपीत लिहिलीय ते बघा, उर्दू आणि इंग्रजी तर आहेच पण मराठी, तेलुगू, कानडी पण आहे. दरबाराची भाषा उर्दू, शाळा कचेऱ्यांत उर्दू, आपल्या लोकांनी मराठीसाठी काय काय सोसलं ते घराघरात माहीत आहे, आणि तरी नोटेवर मराठी होती. कारण साधं आहे, बाजारात जो माणूस नोट घेणार त्याला ती वाचता आली पाहिजे.

मग सही. नोटेवर अर्थखात्याच्या प्रमुखाची सही असते आणि नोट कुठल्या काळातली ते तिच्यावरून कळतं. सुरुवातीच्या नोटांवर ग्लान्सी हा इंग्रज अधिकारी, नंतर हैदर नवाज जंग म्हणजे सर अकबर हैदरी. १९४० नंतरच्या दशकातल्या नोटांवर गुलाम मुहम्मद आणि जाहिद हुसेन सापडतात, यातले पहिले पुढं पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि दुसरे पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. परभणीच्या मोंढ्यात कापूस विकून कुणीतरी घेतलेल्या नोटेवर ही सही असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

नोटांवर आणि सरकारी कागदांवर फसली साल पण भेटतं, म्हणजे शेतसारा वसुलीसाठीचं साल, ते हिजरी नाही. फसलीत ५९० मिळवा की इसवी येतं, एखाद्या वर्षाचा फरक पडतो कारण फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९.

नोटेला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, लॅमिनेशन केलेली नोट मेली म्हणून समजा. घडी असेल तर इस्त्री फिरवू नका.

बंद कधी झालं

१९४२ मध्ये चलन सांभाळायला हैदराबाद स्टेट बँक निघाली. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो पण पैसा त्या दिवशी बदलला नाही. भारतीय रुपया २६ जानेवारी १९५० पासून आला, हाली त्यानंतरही काही वर्षं हातात फिरत होता आणि १९५९ मध्ये तो पूर्ण रद्द झाला. ज्या बँकेने हाली सांभाळला ती पुढं स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आपल्या तालुक्याच्या गावागावात जिचा फलक होता तीच, आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. तेव्हा आज ही नाणी नोटा कुठलीच बँक बदलून देत नाही, कुणी देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

विकणं, घेणं, आणि कायदा

"जुनं नाणं द्या पाच लाख घ्या" असल्या जाहिराती मोबाईलवर येतात. नाव रिझर्व्ह बँकेचं घेतात आणि आधी कमिशन भरा, टॅक्स भरा म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की आमचा असल्या व्यवहाराशी संबंध नाही, आम्ही कुणाकडून पैसे मागत नाही. आधी पैसे मागितले की तिथंच फोन ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आवर्जून सांगा, फसतात ती तीच.

किंमतीचा तळ कसा धरायचा, तर चांदीच्या हाली नाण्याच्या वजनाला ०.८१८ ने गुणा आणि आजचा चांदीचा भाव लावा. एवढं तर कुठलाही सराफ देईल, त्याच्या खाली जाऊ नका. वर किती मिळेल ते साल, अवस्था आणि प्रकारावर. माळेत ओवायला झाळून लावलेली कडी किंवा पाडलेलं भोक असेल तर जमवणारा कमी देतो. बंजारा बायकांच्या दागिन्यांत असे रुपये खूप असतात आणि माझं मत विचाराल तर कडी काढू नका, ती काढताना नाणं जातं आणि कुणाच्या गळ्यात होतं ही खूणही जाते.

शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तूंच्या कायद्यात येतात, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. पुण्यामुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या मुलांच्या बॅगेत आठवण म्हणून १३३० चा रुपया टाकायच्या आधी हे लक्षात घ्या. आणि वाडा पाडताना, विहीर खणताना गाडगं सापडलं तर ते जमिनीतलं धन, १८७८ चा कायदा आजही आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वाटून घेतलं आणि नंतर भांडणं पोलिसात गेली असं होतं.

ठेवायचं कसं, बघायचं कुठं

मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका, काही वर्षांनी चिकट हिरवा थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचे होल्डर स्वस्तात मिळतात, त्यावर पेन्सिलने हिजरी साल, जुलूस, वजन आणि मुख्य म्हणजे नाणं कुणाकडून आलं ते लिहा. "आजीच्या डब्यातून, मूळ तिच्या माहेरचं" एवढं लिहिलं तरी पुरे.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर हैदराबादला सैफाबादची जुनी टांकसाळ, जिथं ही चारमिनारची नाणी पडली, तिथं २०२२ पासून संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, त्र्यंबकेश्वरला जाता जाता होतं. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, जायच्या आधी चालू आहे का विचारून घ्या.

आणि घरात ऐंशी पंच्याऐंशीच्या वरचं कुणी असेल तर रविवारी डबा घेऊन त्यांच्याजवळ बसा, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि नाणी एकेक करून त्यांच्या हातात द्या. आमच्या आजीने असंच एक चवली चाचपून बघितली आणि म्हणाली, "ही बाजारात मीठ आणायला द्यायची मला माय." ती चवली मी वेगळ्या होल्डरमध्ये ठेवलीय, हिजरी १३४२ ची आहे, वजन १.३७ भरलं.